न बदलणारी जागा

शिंदखेड्याच्या एसटीत माझ्या पुढच्या सीटवर टोपीवाले एक आबा आणि पुण्याच्या लॅबमधून सुट्टीवर आलेली मुलगी. आबांचा आवाज अख्ख्या गाडीसाठी.

"अजून त्या कोरोनाच्याच मागे? लोक विसरले बी त्याला!"

"लोक विसरले, आबा. तो अजून फिरतोय."

"मग तुम्ही करता काय?"

"अँटीबॉडी बनवतो. ती त्याला चिकटली की तो आपल्या पेशीत शिरू शकत नाही."

"मग झालं की!"

"तो रूप बदलतो ना. जुनी अँटीबॉडी मग त्याला धरत नाही."

"म्हणजे बठ्ठी मेहनत वाया! इतकं शिकून एक किडा मरेना? आम्ही कपाशीवर दोन फवारे मारले का विषय संपला."

"बोंडअळी संपली?"

"ते सोड. तुम्ही हरले ना?"

"नाही. कितीही रूपं बदलली, तरी त्याची एखादी जागा सहसा बदलत नाही. ती बदलली तर त्याला जगणंच अवघड. आम्ही तीच शोधतोय."

"हुशार शेस बेटा! नाव काय तुझं?"

"संघमित्रा."

"अच्छा... अच्छा. अन् आडनाव?"

"सापडली, आबा. तुमच्यातली ती जागा."