कोऱ्या होडीला पाणी लागू देऊ नका!

मंडळी, बसलात ना नीट? मग एवढंच सांगा — वस्तू जपावी, की वापरावी? हं! "दोन्ही, बुवा!" म्हणणारे ते मागं खांबाला टेकलेत. हुशार आहेत! आजची गोष्ट त्यांच्यासाठीच.

धरणाच्या पलीकडल्या काठाला सुखदेव मल्लाव राहायचा. पिढीजात मासेमार. होडी जुनी, होडीला भोक, भोकात चिंधी! अन् पाणी केवढं? या काठावरून त्या काठाचं देऊळ दिसत नाही! दुपारी वारा सुटला की लाटा अशा — मृदंगवाले, वाजवा जरा! — हां, अशा! बायको, कौसाबाई, काकुळतीला आली. "अहो, एक दिवस बुडाल! नवी होडी घ्या!"

निघाला होडी बघायला — जावई बघावा तसा! पहिली अरुंद. "ही गावतळ्यात ठीक. आपल्या वाऱ्यात कलंडेल!" दुसरी थोराड, लाकडी. "ही काठावर ओढायला बैल लागतील!" तिसरी फायबरची. तळ रुंद, कडा उंच, वजनाला हलकी. हा कोरड्या जमिनीवर तिच्यात जाऊन बसला अन् दुकानदाराला म्हणाला, "आता तुम्ही लाट व्हा!" झाला बिचारा! गदागदा हलवली. होडी पास!

निवड चुकली का? मुळीच नाही! पुढंच घोळ झाला.

होडी अंगणात आली, नारळ फुटला, हळदकुंकू वाहिलं. कौसाबाई म्हणाली, "न्या आता पाण्यात." सुखदेव दचकला! "पाण्यात? कोरी होडी? खराब होईल ना!" वरचं प्लॅस्टिकसुद्धा काढलं नाही. पाऊस आला की होडी घरात — अन् म्हातारी आई ओसरीवर! हसू नका. तुमच्या सोफ्याचं कव्हर पाहिलंय मी!

अन् स्वतः? रोज त्याच चिंधीवाल्या होडीतून!

एका दुपारी वारा सुटला. चिंधी निसटली, होडी तळाला गेली. सुखदेव वल्ह्याला लटकून बोंबलतोय, "वाचवा!" कौसाबाईनं काठावरून पाहिलं. रडायला वेळ कुठं होता? जावांना हाक मारली, अंगणातली होडी ओढत नेली, पाण्यात लोटली अन् एकटीच वल्हवत निघाली. होडी लाटांवरून बदकासारखी चालली!

सुखदेवच्या नाकातोंडात पाणी. तरी ओरडला, "कौसे! चपला काढून बसलीस ना?"

तिनं जवळ येऊन हात दिला. "चढा!"

"नको गं, मी ओला आहे!"

"अहो, बुडताय!"

"आधी टॉवेल अंथर!"

कौसाबाईनं मानगूट धरली अन् मासा टाकावा तसा आत आपटला! मग मात्र तिला रडू फुटलं. रडत रडत तिनं ते प्लॅस्टिक टराटरा फाडलं. "होडी तुमच्यासाठी आणली होती हो! तुम्हाला होडीसाठी नव्हतं आणलं!"

मंडळी, खूप हसलात. आता सांगा — भगवंतानं तुम्हाला हा देह दिला, तो कधी पाण्यात घातलात? हात दिले, ते कुणा बुडत्याला दिले? जीभ दिली, ती देवाच्या नावापुरती अजून कोरी! "म्हातारपणी बघू, बुवा!" अहो, वारा तोवर थांबतोय का? खांबाला टेकलेले, सरका पुढं! काढा ते प्लॅस्टिक अन् घ्या नाम, मोठ्यानं! घसा बसेल म्हणता? बसू द्या! त्यासाठीच दिलाय!