डोमाजीच्या बापाचा बिल्ला

पहिले देवकाबाईचं नाव लिहा, मंग माझं. ती नसती तं मी भंडाऱ्यात टिकलोच नसतो. मी कोरचीकडचा, जंगलातला. सातवीत शाळा सुटली अन् भांड्याच्या कारखान्यात कामाले म्हणून इकडं आलो. काय सांगू तुम्हाले, आमच्या मायले भंडारा म्हणजे परदेसच. पहिल्या हप्त्यात मी नुसता रडून राहिलो होतो. देवकाबाई कासारीण, तिचं पितळी भांड्याचं दुकान, तिनं पाह्यलं अन् म्हणाली, काहून रडतं बापू, जेव पहिले. तेव्हापासून तिच्याच ओट्यावर हावो.

तिच्या दुकानात मोडीचं पितळ येते. फुटके गुंड, म्हणजे पाण्याचे हंडे, दिवे, घंट्या, अन् त्यात कधी फौजेचा बिल्ला नाही तं बटन निघते. ते भट्टीत टाकाले माह्या जिवावर येई. बाई म्हणाली, ठेव तुह्याजवळ, तेवढ्यानं माही भट्टी काही विझत नाही. मंग पेन्शनीतले फौजी लोक दुकानात आले का मी त्याइले विचारत गेलो, हे काय, ते काय. वर सिंह असले तं स्वातंत्र्यानंतरचा, मुकुट असला तं पहिलेचा, असं असं. आता लोक बिल्ले घेऊन मलेच शोधत येतात. आले का मले एकच भेव वाटते. कोणाच्या आज्याले मी चुकून फौजेतून काढून टाकलं तं?

मागच्या उन्हाळ्यात अड्याळचे डोमाजी बापाचा बिल्ला घेऊन आले, संगं त्यांचे भाटवे, म्हणजे थोरल्या बहिणीचे मालक, कवडूजी. डोमाजीच्या नातीचं लग्न होतं, मांडवात बुद्धमूर्तीच्या बाजूले बापाचा फोटो ठेवाचा अन् त्याले हा बिल्ला लावाचा. पण कवडूजी साऱ्या सोयऱ्याइत सांगत फिरून राहिले होते, सासरा फौजेत नोहता जी, बँडात होता, बँडवाल्याइच्या टोपीले असाच चमचम बिल्ला राहते. डोमाजीले ते लय लागलं होतं. बाप ते लहान असतानाच गेला, घरात कागद नाही काही नाही. मले म्हणाले, तू सांगशील तेच मी मांडवात सांगीन.

अन् बिल्ला पाह्यला तं त्याले तोंडच नाही. चिंच अन् राख लावून वर्सानुवर्सं घासला होता. इकडची खोडच हाये ते, पितळ दिसलं का घासा. डोमाजीच्या मायनं, मंग बायकोनं, मंग सुनाइनं, मायेनं घासून घासून निशाणच पुसून टाकलं, गुळगुळीत केला. कवडूजी म्हणाले, पाह्य आता यात तुह्यंच थोबाड अन् सांग.

देवकाबाई मागं कणिक मळून राहिली होती. हात पुसून आली, बिल्ला घेतला अन् उलटा केला. म्हणाली, हा ओतीव नाही, पत्र्यावर ठोकून काढला हाये, ठोकीव कामात समोर जे उंच ते मागं खोल राहते, अन् मागून कोणी घासत नाही, टोपीले अडकवाच्या कड्या बोटाले टोचतात. असं म्हणून तिनं कणकेचा गोळा पाटावर थापला, बिल्ल्याची पाठ त्यावर दाबली अन् हळूच उचलली.

कणकेत काय उमटलं? बाजा. तोंडानं फुंकाचा बाजा, दोऱ्या लावलेला. कवडूजी हसले का हसले, घ्या म्हणे, बँडच निघाला, आता मांडवात वाजवा. डोमाजी खाली पाहू लागले. मी कणकेवर वाकलो. बाजाच्या वर मुकुट होता, फुगीर, इंग्रज राजाच्या वेळचा. अन् बाजाच्या मधात आकडा, पाच. तेव्हा कुठं माह्या जिवात जीव आला. म्हटलं, हे बिगुल होय जी, पायी लढणाऱ्या चपळ पलटणीचं जुनं निशाण. बँडवाला शोभेले बाजा लावीन, मुकुटही लावीन, पण पलटणीचा नंबर कायले लावीन?

डोमाजी नुसते पाच, पाच करत राहिले. अन् मंग कवडूजीच, ज्याइनं एवढा बँड वाजवला होता ते, हळूच म्हणाले, माह्या घरच्या गुंडावर पाच कोरला हाये. आंदणात आलेला गुंड. डोमाजी म्हणाले, आमच्याही साऱ्या भांड्याइवर बापाच्या नावापुढं पाच हाये, आम्ही पाच भाऊ म्हणून कोरला असंन, असंच समजत होतो. कवडूजीनं कपाळावर हात मारला. म्हणाले, लग्न झालं तेव्हापासून मी सासऱ्याच्या पलटणीचं पाणी पेऊन राहिलो अन् मलेच माहीत नाही.

बाईनं तो गोळा गाईले घातला, बाकी कणकेच्या पोळ्या केल्या अन् दोघाइले जेवू घालूनच पाठवलं. लग्नाले आम्ही दोघं गेलो होतो. मांडवात कवडूजीच एकेकाले हाताले धरून फोटोजवळ नेत होते अन् बिगुल समजावून सांगत होते, जसा काही त्याइनंच ओळखला. बाईनं डोमाजीच्या सुनेले दम देऊन ठेवला, आता सुक्या कपड्यानं पुसाचा, चिंचेले हात लावाचा नाही.

अजूनही कोणी बिल्ला हाती देला का तेच भेव वाटते, पण मागं बाई बसली असते, म्हणून तोंड उघडते. आता तिचे गुडघे धरले हाये, चालवत नाही. यंदा धान निघालं का तिले गाडीत बसवून कोरचीले नेणार हावो, माह्या मायच्या हातून तिच्यापुढं ताट ठेवणार हावो. बाई बोलत बसंन, तिची सवयच हाये. तवा मीच म्हणीन, जेव पहिले.