अंकलच्या काठीची गोष्ट

विलास सासऱ्यावर छाप पाडायला गेला होता, तेव्हाची गंमत ऐका. तेव्हा ते सासरे नव्हते, नुसते फिलूचे पप्पा, डॉमनिक अंकल. रविवारी चर्च बुडेल, पण खारदांड्याच्या खडकांवरची मासेमारी बुडणार नाही, असा माणूस!

विलासने कुणाची तरी दुबईची जाडजूड गळाची काठी मागून आणली. तो अंकलबरोबर खडकांवर गेला, मीही सोबत होतो. काठीच्या दोरीला त्याने आमिष म्हणून बोटाएवढा प्लास्टिकचा मासा बांधला आणि जोरात फेकला. मासा पडला पायाशीच.

"अरे, ताठ काठीने हलका मासा लांब जात नाही. त्याला लवचिक काठी लागते. घे माझी," अंकल म्हणाले.

विलासला वाटलं, जड काही बांधलं तर आणखी लांब जाईल. त्याने त्या नाजूक काठीला चमच्याच्या आकाराचा जड लोखंडी गळ बांधून फेकला. काडकन दोन तुकडे!

"माझ्या घरात पाऊल टाकलंस तर बघ!" अंकल ओरडले.

तरी तुकडे उचलून आम्ही त्यांच्यामागे घरापर्यंत गेलो. दारात आंटी उभी.

"कोणी मोडली?"

"मी," विलास पुटपुटला.

"आत ये रे बाबा! लग्न झाल्यापासून या सवतीच्या मरणाची वाट बघतेय मी. फिलू, याला जेवायला वाढ!"