सदऱ्यावरचे कुंकू

देवाच्या नावाने खोटे बोलणाऱ्याला तुम्ही काय शिक्षा द्याल? जोडून आलेल्या सुट्टीत मी नाशिकला, गंगापूर रोडवर श्रीधर या मित्राकडे उतरलो होतो. एकादशी होती. त्याने पत्नीलाही उपवास धरायला लावला आणि सकाळी देवदर्शनाला गेला. पण मला सोबत नेले नाही. तिथेच मला शंका आली. परतला तेव्हा पांढऱ्या सदऱ्यावर तांबडा डाग होता.

"देवळात कुंकू सांडलं रे."

"कुंकवाला तेल सुटतं?" मी विचारले.

वहिनींनी डाग हुंगला. "आणि कांद्याचा वास? अहो, मला चहासुद्धा सोडायला लावलात, आणि स्वतः मिसळ?"

श्रीधरने मान खाली घातली.

द्वादशीला वहिनींनी घरी झणझणीत मिसळ केली. ती आम्ही दोघांनी खाल्ली. श्रीधरने समोर बसून भगर खाल्ली.