ब्रेक लागत होते

मी, ज्याचे नाव व पत्ता वरच्या रकान्यात भरला आहे तो, वय चोवीस वर्षे, शिक्षण आठवीपर्यंत, धंदा घरगुती बेकरी, समक्ष पोलीस ठाण्यात हजर होऊन लिहून देतो की, मला कोणी बोलावलेले नाही. मी आज गुरुवारी सकाळी नऊ वाजून दहा मिनिटांनी आपण होऊन आलो. जबाब एरवी हवालदार लिहून घेतात. परंतु त्यांच्या उजव्या अंगठ्याला पट्टी बांधलेली असल्यामुळे, व माझे अक्षर पाहून "तूच लिही बाबा, छापल्यासारखं आहे, मी फक्त कुठे थांबायचं ते सांगतो," असे ते म्हणाल्यामुळे, हा मी स्वतः लिहीत आहे. जेथे खाडाखोड झाली तेथे बाजूला सही केली आहे.

मी व माझी थोरली बहीण (यापुढे ताई) तळमजल्यावरच्या दोन खोल्यांत राहतो. मागची खोली हे स्वयंपाकघर आणि तीच बेकरी. तेथे एक ओव्हन, एक फ्रीज, एक लांब टेबल व भिंतीवर ऑर्डरी टोचायचा बोर्ड आहे. आम्ही पाय आणि कुकीज करतो. (हवालदारांनी "कोणाचा पाय?" असे विचारल्यावरून खुलासा करतो की, मैदा व लोण्याच्या पारीत शिजवलेल्या फळांचे सारण भरून, वरून दुसरी पारी झाकून ओव्हनमध्ये भाजतात, त्यास पाय म्हणतात.) पारी मी लाटतो. सारण ताई करते. धंद्याला तीन वर्षे झाली.

बदाम, अक्रोड किंवा शेंगदाणे घातलेले पदार्थ आम्ही फक्त मंगळवारी करतो. त्या दिवसाच्या लाटण्याला लाल दोरा बांधलेला आहे व परात वेगळी आहे. काम संपल्यावर त्या सगळ्या बरण्या वरच्या कपाटात कुलूप लावून ठेवायच्या, असा नियम आहे. नियम मी केलेले आहेत. ताई म्हणते, "तुझ्यासारखा नवरा मिळाला असता तर मी दुसऱ्या दिवशी माहेरी आले असते."

ज्यांच्याविषयी हा जबाब आहे ते दूधवाले काका, वय अंदाजे पंचावन्न, हे आमचे नातेवाईक नाहीत. ते रोज पहाटे सव्वापाचला दूध देतात व दुसऱ्या फेरीत साडेदहा ते अकराच्या दरम्यान लोणी. गाडी (छोटा टेम्पो) सावकाश चालवतात म्हणून आमच्या गल्लीत त्यांना कासव म्हणतात. कासवाकडून लोणी मागवले की दारात येईपर्यंत त्याचे सरबत होते, असे लोक त्यांच्या तोंडावर बोलतात आणि तेही हसतात. आमचा ओव्हन त्यांनी त्याच गाडीतून आणला. तो दारातून आत जाईना तेव्हा त्यांनी स्वतः दाराच्या बिजागऱ्या काढल्या व नंतर परत बसवून दिल्या. पहिल्या महिन्यात आमचे कोणी काही घेत नव्हते. तेव्हा काकांनी आमच्या कुकीजचा डबा आपल्या सीटशेजारी ठेवला आणि दूध घालताना प्रत्येक घरी एकेक कुकी दिली. "घेऊ नका, आधी खाऊन तर बघा," असे ते म्हणत. आमची पहिली अकरा गिऱ्हाइके त्यांच्या दुधाच्या घरांतली आहेत. यादी माझ्याकडे आहे. हे हवालदारांनी विचारलेले नव्हते. मी लिहू का म्हटले, तेव्हा ते म्हणाले, "लिही, पण कुकीवर पान भरू नकोस."

त्या अकरांपैकी एक बाई शाळेत शिकवतात. सहामाही संपली म्हणून त्यांच्या वर्गातल्या बत्तीस मुलांसाठी त्यांनी सफरचंदाचे तीन पाय सांगितले होते. ऑर्डरीच्या चिठ्ठीवर मी असे लिहिले होते: "सुका मेवा अजिबात नको. वर्गातल्या एका मुलीला चालत नाही. मागच्या वर्षी घसा सुजून दवाखान्यात न्यावे लागले होते." खाली दोन रेघा मारल्या होत्या. चिठ्ठी बोर्डावर होती व अजून आहे.

काल बुधवारी पहाटे आम्ही ते पाय केले. पारी मी लाटून दिली व सहा वाजता डबे आणायला पुढच्या खोलीत गेलो. सारण ताईने भरले. बाई सात पंचवीसला येऊन पाय घेऊन गेल्या. "वास काय सुटलाय! बसमध्येच संपायचा," असे म्हणाल्या.

साडेदहाच्या पुढे मी टेबल पुसत असताना मला बदामाच्या पुडीची बरणी टेबलावर दिसली. ती तेथे असायला नको होती. मंगळवारी संध्याकाळी मी तिच्यावर पेन्सिलने पुडीच्या पातळीची खूण करून ठेवली, कारण मी सगळ्या बरण्यांवर करतो, आणि त्यानंतर ती कपाटात ठेवायची राहून गेली. ती चूक माझी आहे. आता पूड रेघेच्या बोटभर खाली होती. मी ताईला विचारले. ती म्हणाली, "अरे, सफरचंदं पाणी सोडत होती. तळ लिबलिबीत झाला असता. म्हणून खाली दोन-दोन चमचे भुरभुरवली."

मी म्हटले, "ताई, चिठ्ठीवर लिहिलं होतं."

ती म्हणाली, "सुका मेवा नको असं होतं. मी कुठे बदाम घातले?" आणि मग ती खाली बसली.

येथे मी स्पष्ट करतो की, पारीवर, सारणाखाली, पूड (मंगळवारी बदामाची, एरवी बिस्किटांची) टाकून सारणाचा रस शोषून घेणे ही आमच्या कामातली रोजची रीत आहे. तिचा हात आपोआप तेथे जातो. पायाचे तोंड बंद झाले की ती पूड दिसत नाही आणि चवीवरूनही कोणाला कळत नाही.

दहा चाळीसपासून मी बाईंना पाच वेळा फोन लावला. वर्गात असल्याने त्यांनी तो बंद ठेवला असावा. शाळेच्या कचेरीचा फोन तीनदा लावला, तिन्ही वेळा एंगेज लागला. शाळा आमच्यापासून चार किलोमीटर आहे. मधली सुट्टी अकराला होते. दहा बावन्नला दूधवाले काका लोणी घेऊन आले. मी त्यांना काय सांगितले ते मला शब्दशः आठवत नाही. त्यांनी हातातला पुडा परत गाडीत टाकला आणि म्हणाले, "बस."

दहा चोपन्नला आम्ही निघालो. मी म्हटले, "काका, जोरात." ते म्हणाले, "सत्तावीस वर्षांत या गाडीला तो शब्द कोणी सांगितला नव्हता. धर घट्ट."

गाडीच्या ब्रेकविषयी विचारले असता सांगतो की, ब्रेक लागत होते. वाटेत ते तीन ठिकाणी लागले: बाजाराच्या चौकात लाल दिव्याला, एक आजीबाई रस्ता ओलांडत होत्या तेव्हा, आणि शाळेच्या वळणावर. आजीबाईंच्या वेळी लोण्याचे पुडे मागून घसरून माझ्या मांडीवर आले. ब्रेक लागत नसते तर ते आले नसते. काकांनी लाल दिवा मोडला नाही. मी मोडा म्हणालो होतो.

अकरा वाजून तीन मिनिटांनी आम्ही शाळेच्या फाटकाशी पोचलो. गाडी फाटकापुढे पूर्ण थांबली. फाटकाला आतून साखळी होती. काकांनी चार वेळा हॉर्न वाजवला, मी हाका मारल्या. कोणी आले नाही. रखवालदार त्या वेळी मागे नळावर बादली भरत होते, हे नंतर कळले. काकांनी विचारले, "किती वाजले?" मी म्हटले, "अकरा तीन." ते म्हणाले, "म्हणजे ताटल्या वाटून झाल्या." मग त्यांनी गाडी पहिल्या गिअरमध्ये टाकून फाटकाला टेकवली व पुढे ढकलली. साखळी तुटली. त्याच वेळी रखवालदार आवाज ऐकून पलीकडून धावत आले आणि फाटक त्यांच्या डाव्या मनगटाला लागले. ते काकांना दिसणे शक्य नव्हते, कारण फाटकाला पत्रा आहे. काकांनी त्यांना धक्काबुक्की केली असे शाळेच्या तक्रारीत आहे असे कळते. ते खरे नाही. काका गाडीतून उतरून त्यांना सावरायला गेले. मला म्हणाले, "तू इथे काय बघतोस? पळ."

वर्ग पहिल्या मजल्यावर डाव्या हाताला आहे. मी आत गेलो तेव्हा जवळजवळ सगळ्यांच्या पुढे तुकडे होते व बाई "थांबा, सगळ्यांना मिळू दे," असे म्हणत होत्या. त्यांच्या वर्गात सगळ्यांना वाढून झाल्याशिवाय कोणी खात नाही, अशी शिस्त आहे. त्या शिस्तीबद्दल मी त्यांचा जन्मभर ऋणी आहे. शेवटच्या रांगेतल्या चार मुलांना मिळायचे होते. ती मुलगी कोणती, हे मला ठाऊक नव्हते. मी मोठ्याने म्हणालो की कोणीही खाऊ नका, पाय आतून कच्चा राहिला आहे. दुसऱ्या बाकावरच्या एका मुलीच्या हातात चमचा होता आणि चमच्यात घास होता. तीच ती मुलगी, हे मला आज बाईंकडून कळले. मी तिची ताटली घेतली. ती म्हणाली, "दादा, मला कच्चा पण चालेल."

पाय कच्चा नव्हता. चांगला भाजला गेला होता. बदाम म्हटले असते तर आमच्या हातचे पुन्हा कोणी काही खाल्ले नसते, म्हणून मी कच्चा म्हणालो. तीनही पाय गोळा करून मी डब्यांत भरले. कोणत्याही मुलाच्या पोटात काही गेले नाही. बत्तीस तुकडे व्हायचे होते, अठ्ठावीस कापलेले होते व चार कापायचे होते. मी जागेवर मोजले.

खाली आलो तेव्हा मुख्याध्यापकांनी पोलिसांना बोलावले होते. रखवालदार पायरीवर बसले होते व काकांनी आपला पंचा त्यांच्या मनगटाला बांधला होता. आलेल्या पोलीस शिपायांनी काकांना विचारले, फाटक का तोडलेस? काकांनी माझ्या हातातल्या डब्यांकडे पाहिले. मग विचारले, "काय झालं रे वर?" मी म्हटले, "काही नाही. कच्चा राहिला असं सांगितलं." त्यावर ते शिपायांकडे वळून म्हणाले, "साहेब, ब्रेक लागला नाही. गाडी जुनी झाली." माझ्याविषयी विचारले तेव्हा म्हणाले, "हा होय? वाटेत हात दाखवला, बसवला. याचा काही संबंध नाही."

मी त्या वेळी त्यांच्यापासून दोन हातांवर उभा होतो. मी काही बोललो नाही. शिपाई त्यांना घेऊन गेले. लोण्याचे पुडे मी गाडीतून काढून सावलीत ठेवले.

काल रात्री मी झोपलो की नाही हे या जबाबात येत नाही, असे हवालदार म्हणतात, म्हणून लिहीत नाही.

आज पहाटे सव्वापाचला आमच्या गल्लीत दूध आले नाही. समोरच्या आजोबांनी पातेले घेऊन दार उघडले, दोनदा रस्ता बघितला आणि म्हणाले, "कासव आज उताणं पडलं वाटतं." मी सहा वाजता ताईला सांगितले की मी ठाण्यात जातो आणि सगळे सांगतो. ब्रेक निकामी असताना गाडी रस्त्यावर आणली असे ठरले तर काकांचा परवाना जाईल, आणि त्यांना दुसरे काम येत नाही. ताई म्हणाली, "जा. पूड मी टाकली असं लिही. माझं नाव गाळू नकोस." थोड्या वेळाने म्हणाली, "आणि नीट जेवलेत का ते बघ." तिने डबा दिला आहे. तो मी येथे आल्या आल्या शिपायांकडून काकांना पोचवला. डबा रिकामा परत आला आहे.

येताना मी शाळेत जाऊन बाईंना खरे सांगितले. त्यांनी हातातले हजेरीपत्रक मिटले. मग म्हणाल्या, "तिच्या आईला मी सांगते. तू नको. तू ठाण्यात जा." रखवालदारांच्या खोलीवरही गेलो. त्यांच्या मनगटाला प्लास्टर आहे. ते माझ्यावर ओरडले, "अरे गाढवा, हे काल सांगायला काय झालं होतं? फाटक मीच उखडून दिलं असतं!" तक्रार मागे घ्यायची की नाही, हे ते व मुख्याध्यापक ठरवतील. मी तशी विनंती केलेली नाही. दुखापत त्यांना झाली आहे.

हवालदारांनी मला समज दिली की, हा जबाब दाखल झाला की त्याची एक प्रत अन्न तपासणीच्या कचेरीला जाईल, तेथला माणूस येऊन स्वयंपाकघर बघेल, तोपर्यंत ओव्हन बंद ठेवावा लागेल, आणि परवानगी राहील की जाईल हे त्यांच्या हातात नाही. "अजून सही झालेली नाही, हे लक्षात घे," असेही ते म्हणाले. माझ्या लक्षात आहे. बेकरी बंद झाली तर मला वाईट वाटेल. परंतु आज त्या बत्तीसही मुलांची शाळा नेहमीसारखी भरली आहे. ती दूधवाल्या काकांमुळे भरली आहे, आणि हे कोठेतरी सही-शिक्क्यानिशी लिहिलेले असावे, अशी माझी इच्छा आहे.

माझ्यावर कोणी दबाव आणलेला नाही. दूधवाल्या काकांनी मात्र शिपायांकरवी दोनदा निरोप पाठवला की, त्या पोराला घरी जायला सांगा.

लिहून झाल्यावर हवालदारांनी हा जबाब मला वाचून दाखवला. माझ्या विनंतीवरून त्यांनी दार उघडे ठेवले व मोठ्याने वाचला, कारण काका बाहेरच्या बाकावर बसलेले होते. ब्रेकच्या वाक्याला काका बाहेरून ओरडले, "खोटं बोलतोय तो, साहेब! पोर भित्रं आहे, काहीही लिहील!" म्हणून ते वाक्य पुन्हा वाचण्यात आले. दोन्ही वेळा ते बरोबर होते.

सही