मामांनी दाखवलेली वाट

(सुट्टीचा दिवस. डोझर, लोडर, रोलर विकणारी घरची एजन्सी. तळमजल्यावर स्पेअर पार्टचं दुकान, वर घर. शटर अर्धं उघडं. सून काउंटरमागे आहे, सासू नुकतीच जिना उतरून आली आहे.)

सासू : म्हणजे एजन्सी जाणार, हे नक्की.

सून : नक्की, आई. कंपनीला आता लहान डीलर नकोत. सगळ्या भागाला मिळून एकच मोठा नेमणार आहेत.

सासू : आणि त्या मोठ्याकडे तू नोकरीला जाणार.

सून : स्पेअर पार्टचं सगळं खातं माझ्या हातात देतायत.

सासू : कधी कळलं तुला?

सून : महिना झाला.

सासू : माझ्या लेकाला ठाऊक आहे?

सून : नाही. आधी तुम्हाला सांगितलं.

सासू : का गं? म्हातारी आहे, डोळे पुसून गप्प बसेल म्हणून?

सून : त्याच्यासमोर तोंडच उघडत नाही माझं. रोज सकाळी ठरवते. तो चहा पिता पिता काहीतरी गंमत करतो, मी हसते, की झालं, तो दिवस गेला. आणि एवढंच नाहीये, आई. कंपनीचे साहेब आले होते ना, त्यांनी मला बाजूला घेऊन विचारलं, तुमचे मालक हा पसारा वाढवू शकतील का?

सासू : मग?

सून : मी म्हटलं, माणूस सोन्यासारखा आहे, पण धंदा त्याच्या अंगात नाही.

सासू : असं म्हणालीस.

सून : हो.

सासू : खोटं नाही बोललीस.

सून : खरं बोलले म्हणून तर जास्त खातंय. खोटं असतं तर जाऊन परत घेतलं असतं.

सासू : सरक जरा. बसू दे मला. या खोक्यात काय आहे?

सून : लोडरच्या बकेटला लावायचे लोखंडी दात. बसा, काही होत नाही त्यांना.

सासू : ही एजन्सी आपल्याकडे कशी आली, ते कोणी सांगितलंय तुला?

सून : बाबांनी शून्यातून उभी केली. ऑफिसात त्यांच्या फोटोखाली लिहिलंयच की.

सासू : फोटोखाली काय, काहीही लिहावं. शून्य कुठलं आलंय? ह्यांच्या मामांची एजन्सी होती ती.

सून : कोण मामा? मी नावही ऐकलं नाही कधी.

सासू : या घरात त्यांचा विषय निघत नसे. निघाला की हे ताटावरून उठायचे. आई-वडील लहानपणीच गेले ह्यांचे. मामा-मामींनी वाढवलं. त्यांना मूलबाळ नव्हतं, भाचा हाच मुलगा. इंजिनाच्या आवाजावरून दुखणं ओळखायला मामांनीच शिकवलं. आमच्या लग्नात मुलाकडचे म्हणून तेच दोघं उभे होते. हमरस्त्याला त्यांची पत्र्याची शेड होती. आसपास कोणाला डोझर घ्यायचा झाला, तर त्या शेडीतच यावं लागे.

सून : मग बिनसलं कुठे?

सासू : बिनसलं असं काही नाही गं, तेच तर. मामा हेकट. कंपनी म्हणायची, मोठं वर्कशॉप बांधा, गाडी ठेवा, मशीन जिथे बंद पडेल तिथे माणूस पाठवा. मामा म्हणायचे, दुखणेकरी वैद्याच्या दारात येतो, वैद्य कशाला गावभर हिंडेल? ह्यांनी परोपरीनं समजावलं. मामा हसून सोडून द्यायचे. शेवटी कंपनीच्या माणसानं ह्यांनाच गाठलं. म्हणाला, मामांकडून एजन्सी काढायची हे ठरलंय. तुम्ही घेता का दुसऱ्या कोणाला देऊ?

सून : मलाही असंच म्हणाले. हे होणारच आहे, तुम्ही आलात काय, नाही आलात काय.

सासू : हं. मनाला तेवढा टेकू पुरतो. हेही मला तेच म्हणाले. परक्याच्या घशात जाण्यापेक्षा घरात राहील. मीही मान डोलावली. नवीन संसार होता, आपलं काही असावं असं मलाही वाटत होतं. पण मामांना सांगायचं कोणी? आज सांगतो, उद्या सांगतो. मामींची तब्येत बरी नाही, आता नको. मामा खुशीत आहेत, आता कशाला विरजण? इकडे जागा घेतली, कुंपण घातलं, आणि तिकडे रोज सकाळी त्यांच्याच शेडीत कामाला जायचे. मामी डबा द्यायच्या, तो खाऊन यायचे.

सून : आणि मामांना काहीच वास लागला नाही?

सासू : पोरावर कोण संशय घेतं? कंपनीचं पत्र यायचं होतं, त्याआधी मशीनंच आली. दोन ट्रेलर. मामांना लांबून दिसले. त्यांना वाटलं, आपलाच माल. त्यांनी फाटक सताड उघडलं, माणसं बोलावली, उतरवायला फळ्या लावल्या. पहिला ट्रेलर थांबला. ड्रायव्हरनं खिडकीतून मान काढली आणि त्यांनाच पत्ता विचारला. आपल्या या यार्डाचा. ह्यांच्या नावानं.

सून : अरे देवा.

सासू : हे तिथेच होते. शेडीत, हातात पाना. मामांनी एकदा मागे वळून ह्यांच्याकडे बघितलं. मग ड्रायव्हरला नीट वाट समजावून सांगितली. पुढे पूल आहे, वजन जास्त आहे, एकेक करून न्या. वळण अरुंद आहे, मागे घेऊन आत घाला. ट्रेलर गेले, तेव्हा फळ्या काढायला सांगितल्या. आणि ह्यांना एवढंच म्हणाले, जा, उतरवताना मालक समोर लागतो.

सून : रागावले नाहीत?

सासू : नाही ना. एक मुस्कटात मारली असती तर हे सुटले असते. पुढे मामा जुनी मशीनं दुरुस्त करत राहिले. हे गिऱ्हाईक पाठवायचे, मुद्दाम. मामा कोणालाही परत पाठवत नसत, काम चोख करून द्यायचे. आम्ही घरी गेलो की मामी ताट वाढायच्या, मामा हवापाण्याच्या गप्पा करायचे. पण पुन्हा कधी इंजिनाबद्दल एक शब्द बोलले नाहीत ह्यांच्याशी. मामा गेले त्या दिवशी हे घरी येऊन मला म्हणाले, मी एजन्सी घेतली हे त्यांनी गिळलं असतं गं. मी सांगितलं नाही, ते नाही गिळलं त्यांनी.

सून : आई, तुम्ही हे आज मला का सांगताय ते कळतंय.

सासू : तू जा म्हणून सांगत नाहीये, आणि जाऊ नकोस म्हणूनही नाही. जाशीलच तू. या दुकानात प्रत्येक फळीवर काय आहे हे तुझ्याइतकं कोणाला माहीत आहे? वापरायला नको ते डोकं? पण राग आलाय मला. खोटं कशाला बोलू?

सून : येऊ दे. तो येणारच.

मुलगा : कसला राग? शटरखालून वाकून येताना माझी कंबर धरली, राग मला यायला हवा. आई, तू इथे? सुट्टीच्या दिवशी सासू-सुनेची मीटिंग, आणि मालकाला बोलावणंच नाही.

सासू : बस.

मुलगा : बसायला वेळ कुठे आहे? खाणीवरून फोन आलाय, लोडरचा ऑइलचा होज पाइप फुटला. तो जाड होज कुठल्या फळीवर असतो गं?

सून : खालून दुसऱ्या. थांब, घेऊ नकोस. आधी ऐक.

मुलगा : काय झालं? तोंड का असं दोघींचं?

सून : आपली एजन्सी जातेय. कंपनी काढून घेतेय. मोठा डीलर येतोय, आणि मी त्याच्याकडे जातेय. महिनाभर माहीत आहे मला.

मुलगा : चेष्टा करू नकोस. चेष्टेचं खातं माझं आहे.

सून : चेष्टा नाही. आणि साहेबांनी तुझ्याबद्दल विचारलं तेव्हा मी म्हणाले की धंदा तुझ्या अंगात नाही.

मुलगा : आई, तुला माहीत होतं?

सासू : आत्ता कळलं. तुझ्याआधी घटकाभर.

मुलगा : बरं.

सून : बोल काहीतरी. शिव्या दे.

मुलगा : काय बोलू? खरंच आहे ते. बाबा असतानाही मला माहीत होतं. गिऱ्हाइकाशी भाव करताना मलाच त्याची दया येते. पण तू कधी म्हणाली नाहीस. इतकी वर्षं एका ताटात जेवतोय आपण. मला वाटायचं, हिला तरी वाटत असेल की जमतंय याला.

सून : दुखावशील म्हणून नाही म्हणाले.

मुलगा : आणि साहेबाला सांगताना?

सून : तेव्हा तू समोर नव्हतास.

मुलगा : हं. वर्कशॉपमधल्या पोरांना कळलंय?

सून : नाही. कोणालाच नाही.

मुलगा : त्यांच्यातल्या काहींना घेतील का तिकडे?

सून : मी विचारलंय. मेकॅनिक घेतील. बाकीच्यांचं सांगता येत नाही.

मुलगा : मग उद्या सकाळी काम सुरू व्हायच्या आधी सांगून टाकू. त्यांना बाहेरून कळायला नको.

सासू : शहाणा आहेस.

मुलगा : शहाणा असतो तर ही वेळ आली नसती, आई. दे तो होज. खाणीवर माणूस खोळंबलाय.

सून : उद्या मी सांगते त्यांना. माझ्यामुळे तुला खाली मान घालायला नको.

मुलगा : नाही, मीच सांगेन. एजन्सी अजून माझी आहे. तू ये फक्त.

सून : तुझ्या शेजारी उभी राहीन.

मुलगा : शेजारी नको. तूही आता जाणाऱ्यांतली, त्यांच्यात उभी राहा.