गेले म्हणजे कुठे गेले

(हूफडॉर्प या डच गावातलं अमृताचं स्वयंपाकघर, शुक्रवार सकाळ. तिची आई मृदुला मेथी निवडते आहे; अमृताची मुलगी स्वानंदी शाळेत गेली आहे. मृदुलाची नणंद सुचेता हल्ली मुलाकडे, प्रसन्नकडे, नायमेखनला असते. ती आत्ताच ट्रेनने येऊन टेबलाशी बसली आहे.)

सुचेता : स्वानंदीला चार पुरी झाली, ती शाळेत जायला लागली, आणि त्याच्या दुसऱ्या आठवड्यात आपण दोघी मेक्सिकोला गेलो. बरोबर? म्हणजे माझं डोकं ठिकाणावर आहे. आता मला एवढंच सांग वहिनी, माझा दादा कुणाबरोबर पळून गेला?

मृदुला : चहा घ्या आधी वन्सं. गार होतोय.

सुचेता : चहाचं नंतर बघू.

अमृता : आत्या, मी फोनवर फक्त म्हटलं की एक विचित्र मेसेज आलाय. तू लगेच निघून येशील असं नव्हतं वाटलं मला.

सुचेता : दादाचं नाव परमुलखात खराब होतंय आणि मी प्रसन्नकडे सोफ्यावर बसून राहू? वाच परत.

अमृता : ट्रान्सलेट केलेलं आहे हं, थोडं वेडंवाकडं आहे. 'प्रिय मृदुला, नीट पोचलीस ना? नातीला माझा मुका. तो निलाजरा माणूस परत आला का? आला तर दार उघडू नकोस. तुझ्या हाताला चव आहे, तुला त्याची गरज नाही. तुझी लुपे.' खाली एक फूल आणि एक सुरी.

सुचेता : निलाजरा. ऐकतेस ना? दुसऱ्या बाईला नमस्कार करायचा तरी आधी बायकोकडे बघायचा तो, आणि निलाजरा.

अमृता : लुपे म्हणजे तिथल्या स्वयंपाकाच्या क्लासच्या बाई ना?

मृदुला : हो. माझ्याच वयाची. दंडाला पीठ लागलेलं असायचं कायम.

अमृता : आई, किती शोधून काढलं होतं मी ते हॉटेल. तीनशे वर्षांपूर्वीचा नन्सचा मठ, मोजक्या खोल्या, मधे अंगण, निळ्या फरशांचं किचन. म्हटलं, तुला जरा चेंज. आणि तू तिथे बाबांना पळवून लावलंस?

मृदुला : हॉटेल छानच होतं ग. पाटासुद्धा होता. आपला जमिनीला टेकलेला असतो, त्यांचा तीन पायांवर, उतरता. आणि मक्याचे दाणे कशात शिजवतात माहीत आहे? चुन्यात. आपण पानाला लावतो ना, तोच चुना.

सुचेता : वहिनी, पाट्यावरून उठ आणि माझ्या भावावर ये.

मृदुला : येते. पहिल्या दिवशी तुमचं पोट बिघडलेलं, तुम्ही खोलीत झोपून होता. मी एकटीच क्लासला गेले. लुपेने माझ्या हातावर एक पांढरा, ओलसर गोळा ठेवला आणि म्हणाली, मासा. मी हात झटकन मागे घेतला. गोळा पडला खाली. तिने दुसरा ठेवला. मासा, मासा.

अमृता : अगं, स्पॅनिशमध्ये मासा म्हणजे भिजवलेलं पीठ. मक्याचं.

मृदुला : आता तू सांगशील. मला वाटलं, कुटून गोळा केलेला मासा. आपल्याकडे नाही का कोळंबीचं करत. मी म्हटलं, बाई, मला नको, मी मासे सोडलेत. ती बघत राहिली. सगळा वर्ग हातातलं टाकून बघत राहिला. मग तिने तो फोन पुढे केला, आपण बोललं की त्यांच्या भाषेत सांगणारा.

अमृता : आणि तू त्यात काय बोललीस? नक्की शब्द सांग.

मृदुला : दुसरं काय बोलणार? म्हटलं, हे गेले तेव्हापासून मी मासे खात नाही.

अमृता : अरे देवा. 'गेले'.

मृदुला : फोनने आपलं इमानाने सांगितलं, नवरा निघून गेला म्हणून. तिने विचारलं, कुठे गेला? मी म्हटलं, ते देवाला ठाऊक.

सुचेता : देवाला ठाऊक.

मृदुला : नाहीतर काय सांगू? तिने विचारलं, सांगून गेला का? म्हटलं, नाही. शेवटचं धड बोलणंही झालं नाही. हे खोटं आहे का? मग म्हणाली, त्याच्याकडचं कुणी नव्हतं का तिथे? म्हटलं, बहीण होती, पण तिचाही इलाज चालला नाही.

सुचेता : थांब. म्हणजे त्या सगळ्यांना वाटलं की मी त्याला सामील होते?

मृदुला : सामील असं नाही.

सुचेता : म्हणून माझ्या ताटात रोज ती बिया न काढलेली मिरची. तुझ्या ताटात फुलं, माझ्या ताटात मिरची.

अमृता : आत्या, तू मला तिथून फोन केला होतास. इथले लोक तुसडे आहेत, रिव्ह्यूमध्ये लिही म्हणून.

सुचेता : लिहिलंस का?

अमृता : लिहिलं ना. दोनच स्टार दिले.

सुचेता : काढून टाक ते. बिचाऱ्या, त्यांच्या परीने बरोबरच वागत होत्या. पण वहिनी, तुला हा घोटाळा कळला कधी?

मृदुला : त्याच संध्याकाळी. रिसेप्शनवरच्या मुलीला इंग्रजी येत होतं. माझा हात हातात घेऊन म्हणाली, माझ्या वडिलांनीही आईला असंच टाकलं.

सुचेता : मग तिथल्या तिथे सांगायचं नाही? पुढचे सगळे दिवस होते की.

मृदुला : सांगणार होते. सकाळी सांगू म्हटलं. सकाळी लुपे पाट्यावर मिरच्या वाटत होती आणि ह्यांना शिव्या देत होती. वरवंट्याच्या एका फेरीला एक. मी ऐकत बसले.

सुचेता : ऐकत बसलीस.

मृदुला : आवडलं मला ते. हसू नका. इथे ह्यांचा विषय निघाला की माणसं आवाज खाली करतात. फोटोशी बोलल्यासारखं बोलतात. तिथे कुणी आवाज खाली केला नाही. मला वाटायचं, शिव्या खायला का होईना, हे आहेत. कुठल्यातरी गावात, कुठल्यातरी बाईच्या हातचं अळणी जेवताहेत. चष्मा डोक्यावर ठेवून चष्मा शोधताहेत. मी चांगली रागावले ह्यांच्यावर. इतक्या वर्षांत पहिल्यांदा. तसं एरवी रागावता येत नाही, वन्सं. पळून गेलेल्यावर येतं.

अमृता : आई.

मृदुला : आणि मासा खाल्ला मी. शेवटच्या दिवशी लुपेने अख्खा तळला, माझ्यासमोर ठेवला. म्हणाली, असल्या माणसासाठी जीभ कशाला मारतेस? मला पटलं. डोकंसुद्धा सोडलं नाही.

सुचेता : मी कुठे होते तेव्हा?

मृदुला : तुम्ही बॅग भरत होता.

सुचेता : कसा होता?

मृदुला : मीठ कमी होतं.

अमृता : आई, एक बोलू? बाबांच्या वेळी तू इथे माझ्याजवळ होतीस. स्वानंदी तीन आठवड्यांची. तुझं तिकीट काढलं आणि ते रद्द झालं. मी जर तुला बाळंतपणाला बोलावलं नसतं...

मृदुला : गप्प बस. ह्यांनीच बसवून दिलं होतं मला विमानात. डिंकाच्या लाडवांचा डबा स्वतः बांधून दिला होता.

अमृता : पण तू तो शब्द अजून उच्चारलेला नाहीस. हाउसआर्ट्सने विचारलं, नवरा काय करतो, तर तू त्या डॉक्टरला म्हणालीस, तो इथे नाही. तिने लिहून घेतलं, नवरा भारतात.

मृदुला : डोळ्यांनी बघितलं नाही ग मी. काय म्हणून उच्चारू?

सुचेता : मी तरी कुठे बघितलं? हॉस्पिटलच्या फाटकाबाहेर उभी होते दोन दिवस. वॉर्डबॉयने एक पिशवी आणून दिली. त्यात घड्याळ, चष्मा आणि चार्जर. मी त्याला म्हटलं, चार्जर आहे तर फोन कुठाय? तेवढंच सुचलं मला विचारायला. मग मीही म्हणू का, पळून गेला?

मृदुला : तुम्ही हे कधी बोलला नाहीत.

सुचेता : तू विचारलं नाहीस. मी म्हटलं, हिला नको असेल.

मृदुला : मेथी झाली. कात्री कुठे ठेवलीस अमृता?

सुचेता : कात्री राहू दे. माझं ऐक. लुपेने दादाला वाटेल ते म्हणावं, तिचा राग मला समजतो. पण न सांगता गेला, हे मला सहन होत नाही. कोपऱ्यावर दाढीची ब्लेडं आणायला गेला तरी दारातून ओरडून जायचा तो. मृदुला, आलोच ग.

मृदुला : मृदुला, कडी लावू नको ग.

सुचेता : हं. तसं ओरडायचा.

मृदुला : जमलं असतं तर सांगून गेले असते.

सुचेता : गेलाच असता.

मृदुला : मग लुपेला तसं वाटायला नको. लाव तो फोन, अमृता. बोलते मी.

अमृता : नक्की? आत्ताच नको असेल तर...

मृदुला : लाव म्हटलं ना. पण वन्सं, हे सांगितलं की मासे पुन्हा सुटले.

सुचेता : कुणी सांगितलं? दादाने सोडायला सांगितलं होतं? समोरच्याच्या ताटातली तुकडी उचलून तुझ्या पानात टाकायचा तो. आज बाजारात मासेवाल्याची गाडी असते ना ग, अमृता?

अमृता : असते, दर शुक्रवारी. पण सुरमई नाही मिळणार.

सुचेता : जे मिळेल ते. मीठ आम्ही घालू.

अमृता : हे बघ आई, लाल बटण दाबलं की बोलायचं. 'गेले' म्हणू नकोस. आणि 'नाहीत' पण नको. फोनला आडून बोललेलं कळत नाही.

मृदुला : कळलं. दाब.

अमृता : दाबलं.

मृदुला : लुपे, मी मृदुला बोलते आहे. मी नीट पोचले. तुझ्या पद्धतीने मिरच्या भाजल्या, तर घरातला धुराचा भोंगा वाजला आणि शेजारी धावत आला. लुपे, तू माझ्या बाजूने भांडलीस, ते मी विसरणार नाही. पण ते भांडण आता पुरे. माझ्या बोलण्यातून तुझा गैरसमज झाला आणि मी तो तसाच राहू दिला. माझे यजमान मला सोडून पळाले नाहीत. ते चांगले होते. राजन पुण्याच्या हॉस्पिटलात मरण पावले. सव्वीस एप्रिल, दोन हजार एकवीस. सोमवार होता.